गोळी, स्टिअरिंग आणि डोळ्यांवरचा डबा

साताऱ्याला आजोळच्या माडीवर एक बगाटेल होते. निळा रंग उडालेली लाकडी फळी, तिच्यावर अर्धवर्तुळांत ठोकलेले खिळे, उजव्या कडेला स्प्रिंगचा दांडा आणि दहांपैकी सातच उरलेल्या लोखंडी गोळ्या. मे महिन्याच्या दुपारी मोठी माणसे आडवी झाली की आम्ही भावंडे ती फळी खाली काढत असू. दांडा सोडला की पुढे गोळीचे नशीब. फार तर फळी हळूच उचलून गोळीला हव्या त्या कप्प्याकडे वळवता येई, पण तसे करताना पकडले गेले तर डाव बाद. उतरत्या टेबलावर गोळी खेळवून गुण मिळवायचा पिनबॉल हा यंत्रावरचा खेळ याच फळीतून जन्माला आला, हे मला पुष्कळ उशिरा कळले. अमेरिकेतील सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट घेतले, ते बगाटेलमधील सुधारणा म्हणूनच. आणि खाली आलेल्या गोळीला पुन्हा वर टोलवणारे फ्लिपर आले ते थेट १९४७ साली, गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात. मधली पाऊणशे वर्षे सगळा प्रकार आमच्या माडीवरच्यासारखाच होता. न्यूयॉर्क शहराने १९४२ साली पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली यात मला नवल वाटत नाही. फ्लिपर आल्यावरही ती बंदी १९७६ पर्यंत राहिली, याचे मात्र वाटते.

संगणकावरचा पिनबॉल मला २००३ साली भेटला. पुण्यात एका विमा सर्व्हेअरच्या कार्यालयात मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि तिथल्या विंडोज एक्सपीवर ‘थ्रीडी पिनबॉल – स्पेस कॅडेट’ आयताच बसवलेला होता. झेडची कळ म्हणजे डावा फ्लिपर, तिरक्या रेघेची कळ म्हणजे उजवा, आणि स्पेसबार दाबून धरला की दांडा मागे. आम्ही चौघीजणी डबा खाऊन झाल्यावर उरलेल्या पंधरा मिनिटांत पाळीपाळीने खेळत असू आणि गुणांची नोंद जुन्या दाव्यांच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर होत असे. विंडोज व्हिस्टापासून हा खेळ नाहीसा झाला. त्याचे कारण मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी पुढे लिहिले आहे: ६४ बिटच्या संगणकांसाठी बांधणी करताना टक्कर ओळखणारा भाग बिघडला, गोळी वस्तूंच्या आरपार जाऊ लागली, आणि मूळ कोड बाहेरच्या लोकांनी लिहिलेला व टिपणांवाचूनचा असल्यामुळे दोष कोणालाच सापडेना.

पुढची बारा-चौदा वर्षे मी काहीच खेळले नाही. २०१७ साली घरच्या संगणकावर ‘व्हिज्युअल पिनबॉल’ उतरवून घेतले तेव्हा हा छंद खऱ्या अर्थाने सुरू झाला. रँडी डेव्हिस यांनी २००० साली तयार केलेली ही प्रणाली आता खुली आहे आणि जगभरचे हौशी लोक तिच्यावर जुन्या यंत्रांच्या हुबेहूब प्रतिकृती उभारतात. जोडीला आणखी एक प्रणाली असते, जी मूळ यंत्राच्या चिपमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवते. त्यामुळे नियम, आवाज आणि दिव्यांची उघडझाप ही मूळ यंत्राचीच असते. गोळीची चाल तेवढी गणिताने काढलेली. खऱ्या यंत्रात ती गोळी २७ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ८० ग्रॅम वजनाची असते आणि साधारण साडेसहा अंशांच्या उतारावरून खाली येते.

मोठ्या पडद्यावर मजा येईल म्हणून मी संगणक दिवाणखान्यातील टीव्हीला जोडला आणि एकाएकी मला खेळताच येईना. गोळी फ्लिपरवर आली की मी कळ दाबत होते, फ्लिपर उचललाही जात होता, पण गोळी त्याआधीच दोन फ्लिपरांमधून खाली गेलेली असे. आठवडाभर मी स्वतःच्या वयाला दोष दिला. वास्तविक विलंब टीव्हीचा होता. चित्र सुधारण्याच्या नादात तो प्रत्येक चित्र थोडे अडवून ठेवत होता. गोळी सेकंदाला दोन मीटर वेगाने येत असेल तर पन्नास मिलिसेकंदांत ती दहा सेंटिमीटर पुढे जाते, आणि फ्लिपर स्वतः जेमतेम साडेसात सेंटिमीटर लांबीचा असतो. म्हणजे मला दिसणारी गोळी जिथे होती तिथे ती नव्हतीच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये खोलवर दडलेला ‘गेम मोड’ चालू केला आणि माझे वय पूर्ववत झाले.

त्या वर्षी मी शिकलेली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे काही न करणे. नवखा माणूस गोळी जवळ आली की दोन्ही फ्लिपर एकदम फडफडवतो. त्याने मधली फट अधिकच मोकळी होते. उलट, वरून तिरपी येणारी गोळी डाव्या फ्लिपरवर पडू द्यावी आणि फ्लिपर मुळीच उचलू नये. ती रबरावर आपटते, अलगद उजवीकडे उडी घेते आणि उजवा फ्लिपर वर धरलेला असेल तर त्याच्या कुशीत येऊन थांबते. मग सावकाश नेम धरावा. हे वाचायला सोपे आहे. बोट कळीवर असताना आणि गोळी अंगावर येत असताना ते बोट स्थिर ठेवायला मला चार महिने लागले.

गाड्यांच्या शर्यतींकडे मी २०२० च्या टाळेबंदीत वळले. लॉजिटेकचे जी२९ स्टिअरिंग एका ओळखीच्या मुलाकडून जुने मिळाले, ते जेवणाच्या टेबलाला चापांनी आवळले, आणि ‘असेत्तो कोर्सा’ हा कुनोस सिमुलाझिओनी या इटालियन संस्थेचा खेळ घेतला. पहिल्याच दिवशी लक्षात आले की ब्रेकचे पेडल जोरात दाबले की गाडी थांबण्याऐवजी मी मागे जाते, कारण खुर्ची चाकांची होती. दोरीने बांधून पाहिले, मागे गव्हाचा डबा ठेवून पाहिला. शेवटी नवऱ्याचे जुने बूट आणि माझ्या जुन्या चपला अशा पाच जागी खुर्चीची पाचही चाके रोवली, तेव्हा ती हलायची थांबली. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अगं, जेवणाच्या टेबलाखाली चपला बऱ्या दिसतात का?” तेव्हापासून जेवणाच्या वेळी खुर्ची, पादत्राणे आणि स्टिअरिंग हा सगळा संसार आतल्या खोलीत हलवायचा असा करार झाला.

स्टिअरिंगमधल्या मोटारी हाताला उलट जोर देतात, तो केवळ थरथराट असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो जोर बोलतो. वळणावर पुढचे टायर पकड धरून असतात तोवर चाक सरळ होऊ पाहत असते आणि ते वळवून धरायला हाताला ताकद लावावी लागते. पकड सुटू लागली की ते एकदम हलके पडते. पडद्यावर गाडी घसरलेली दिसण्याच्या कितीतरी आधी हातांना ते कळते. नवखेपणी मी नेमके उलट करत असे: चाक हलके झाले की ते आणखी वळवत असे आणि गाडी सरळ कठड्यात जात असे.

मी ठरवून एकच रस्ता आणि एकच गाडी धरली. रस्ता म्हणजे जर्मनीतील न्युरबुर्गरिंगचा नॉर्डश्लायफे, आयफेलच्या जंगलातून जाणारा २०.८ किलोमीटरचा वेढा, ज्यावर १ ऑगस्ट १९७६ रोजी बेर्गव्हेर्क या वळणाच्या अलीकडे फॉर्म्युला वनचे शर्यतपटू निकी लाउडा यांच्या गाडीने पेट घेतला होता. गाडी म्हणजे छोटी अबार्थ ५००. एक फेरी दहा मिनिटांच्या आत पूर्ण करायची, म्हणजे सरासरी ताशी १२५ किलोमीटर ठेवायची, एवढेच ध्येय. वळणे पाठ करायची तर त्यांची नावेच पाठ करावी लागतात: हात्सेनबाख, फ्लूगप्लात्स, श्वेडेनक्रॉइत्स, फुक्सऱ्योरे, आडेनाउअर फोर्स्ट. भाजी निवडताना मी ती रामरक्षेसारखी म्हणत असे. तरीही वर्षभरात वेळ साडेदहा मिनिटांच्या खाली येईना, आणि चूक दर वेळी एकाच प्रकारची: चढाच्या टोकापलीकडे काय आहे याचा अंदाज मला पडद्यावरून येत नव्हता. माझा २४ इंची मॉनिटर डोळ्यांपासून सत्तर सेंटिमीटरवर होता. त्या खिडकीतून खरे प्रमाण राखायचे तर सुमारे बेचाळीस अंशांचाच तुकडा दिसायला हवा, आणि तेवढ्यात बाजूचे काहीच दिसत नाही. म्हणून आपण दृष्टिक्षेत्र वाढवतो. मग सगळे अंतर ताणले जाते, उतार सपाट वाटतो आणि ब्रेक कुठे लावायचा हे झाडे मोजून ठरवावे लागते.

२०२१ च्या डिसेंबरात बहिणीचा मुलगा अमेरिकेहून आला, तो माझ्या सांगण्यावरून क्वेस्ट २ घेऊनच. हा डोळ्यांवर डब्यासारखा बांधायचा व्हीआर हेडसेट; तो घातला की आपण खेळाच्या आतच बसल्यासारखे सगळीकडे पाहता येते. त्याने बजावले होते, “मावशी, पहिल्याच दिवशी गाडी चालवू नकोस. आधी नुसती बसून बघ.” तो झोपल्यावर रात्री अकराला मी थेट नॉर्डश्लायफे सुरू केला. हात्सेनबाखची डावी-उजवी वळणे संपेपर्यंत कपाळावर घाम आला, फ्लूगप्लात्सच्या उंचवट्यावर गाडी हलकी झाली तसे पोट वर आले, आणि पुढे फुक्सऱ्योरेच्या उतारात मी तो डबा डोळ्यांवरून उपटून काढला व न्हाणीघर गाठले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोली किंचित तिरकी वाटत होती.

हे का होते ते आपल्याला एस.टी.त समजलेलेच असते, फक्त उलट्या बाजूने. पसरणीच्या घाटात पुस्तक वाचत बसले की कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय वळणे नोंदवत असते आणि डोळे मात्र स्थिर पानाकडे पाहत असतात. इथे डोळे ताशी दीडशेने उतारावरून सुटलेले असतात आणि कान सांगत असतात की बाई जेवणाच्या टेबलाशी बसली आहे. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही आणि त्याची शिक्षा पोटाला मिळते. मी उपाय म्हणून घाटातलाच आलेपाक आणून ठेवला. त्याने कितपत फरक पडला ते सांगता येणार नाही, पण तो संपला मात्र पटापट.

खरा फरक पडला तो शिस्तीने. रोज फक्त दहा मिनिटे, सपाट रस्ता, मंद गाडी, आणि तोंडाला पाणी सुटू लागताच थांबायचे. ‘एवढे वळण झाले की थांबते’ हे एकदाही करायचे नाही. समोर टेबलपंखा ठेवला. वाऱ्याचा झोत एकाच दिशेने येत राहिला की आपण कुठे तोंड करून बसलो आहोत याचा शरीराला आधार मिळतो. चित्र अडखळू न देणे हे त्याहून महत्त्वाचे. सेकंदाला ७२ चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्र, तेही दोन डोळ्यांसाठी दोन, चौदा मिलिसेकंदांच्या आत तयार व्हावे लागते. माझ्या साध्या ग्राफिक्स कार्डाला ते जमत नव्हते आणि मग प्रणाली मधली चित्रे अंदाजाने भरत असे. कडेचे खांब जेलीसारखे हलू लागत. मी सावल्या काढल्या, प्रेक्षक काढले, इतर गाड्या काढल्या, शेवटी मागचे आरसेही बंद केले. रस्त्यावर मी एकटीच असताना आरशात बघायचे तरी कोणाला? पाच आठवड्यांनी मी पूर्ण फेरी बसून काढली आणि उठून पोळ्या लाटल्या.

आणि तेव्हा तो रस्ता मला पहिल्यांदा दिसला. फुक्सऱ्योरे हा उतार आहे हे मला वाचून ठाऊक होते. तो विहिरीत उतरावे तसा खाली जातो आणि तळाशी गेल्यावर समोरचा चढ भिंतीसारखा उभा राहतो, हे ठाऊक नव्हते. कारुसेलच्या वळणात आतल्या बाजूला काँक्रीटचा कललेला पट्टा आहे, त्यात गाडी किती खोल उतरते तेही डोळ्यांनी मापता आले. दुसरा शोध जरा लाजिरवाणा होता. अबार्थचे स्टिअरिंग डावीकडे. मॉनिटरवर मी मधोमध बसल्यासारखी चालवत होते; आता गाडीचा सगळा पसारा उजवीकडे आला, आणि वीस वर्षे उजव्या बाजूला बसून गाडी चालवणाऱ्या माझ्या अंगाला तो मान्य होईना. महिनाभर मी प्रत्येक उजव्या वळणाची आतली कड घासत होते. २०२२ च्या मे महिन्यात ९ मिनिटे ५४ सेकंद झाले. रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि सांगायला कोणी जागे नव्हते.

पिनबॉल डोळ्यांसमोर घेण्याचे मला या सगळ्या काळात सुचलेच नव्हते, कारण त्यात काय पाहायचे आहे, असे वाटत होते. एका रविवारी सहज ‘मिडिव्हल मॅडनेस’ उघडले. विल्यम्स कंपनीचे १९९७ सालचे हे यंत्र ब्रायन एडी यांनी रचले. मधोमध किल्ला, त्याचा उचलता पूल, आणि पुरेसे टोले बसले की ढासळणारे बुरूज. मी उभी राहिले आणि ते यंत्र माझ्या कमरेशी, खऱ्या आकारात, पाय रोवून उभे होते. खाली वाकून रॅम्पच्या, म्हणजे गोळी चढून जाते त्या उंच वाटेच्या, पोटात पाहता आले. गोळी रॅम्पवर आहे की त्याच्या खालून चालली आहे हा पडद्यावरचा जुना घोळ एका क्षणात मिटला. दोन डोळ्यांमध्ये सहा-साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते आणि त्यातून मिळणारी खोलीची जाण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावत जाते. शंभर मीटरवरच्या वळणाला तिचा फारसा उपयोग नाही. हातभर अंतरावरच्या गोळीला मात्र पुरेपूर आहे. शिवाय खेळणारा उभा आणि यंत्रही उभे, हलते ती फक्त गोळी. डोळे आणि कान यांच्यात भांडणच नाही. पहिल्याच दिवशी मी दीड तास खेळले. मला नुकताच वाचायचा चष्मा लागला आहे, पण त्या टेबलावरची बारीक अक्षरे चष्म्याशिवाय दिसतात, कारण हेडसेटची भिंगे सगळेच चित्र एखाद-दीड मीटरच्या ठरावीक अंतरावर मांडतात. ज्या तंत्राची जाहिरात माणसे कड्यावरून उड्या मारताना दाखवून होते, ते माझ्या घरी जागच्या जागी उभे राहण्यासाठी सर्वांत कामाला आले.

एक उणीव राहिली. डोळ्यांना यंत्र दिसत होते आणि हात हवेत होते. म्हणून मी खऱ्या यंत्राएवढी, म्हणजे ५६ सेंटिमीटर रुंदीची, प्लायवूडची बिनझाकणाची पेटी करून घ्यायचे ठरवले: दोन्ही बाजूंना बटणे, समोर उजवीकडे स्प्रिंगचा दांडा. आमच्या सुतारांनी आकृती दोनदा फिरवून पाहिली.

“ताई, ही पेटीच ना? हार्मोनियम?”

“नाही हो. खेळायची आहे.”

“तेच म्हणतो. भाता कुठं बसवायचा?”

भाता नसल्याचे त्यांना शेवटपर्यंत खटकले, पण काम चोख केले. कडा पॉलिश पेपरने अशा घासल्या आहेत की तळहात तासन् तास टेकवला तरी टोचत नाहीत. आत केएल२५झेड नावाचा छोटा बोर्ड बसवला. त्याच्यावर हालचाल मोजणारी चिप मुळातच असते, त्यामुळे पेटीला बाजूने धक्का दिला की तेवढाच धक्का खेळातल्या टेबलाला बसतो. जोराने दिला तर ‘टिल्ट’ होऊन गोळी बाद. मग डोळ्यांसमोरचे यंत्र आणि हाताखालची पेटी एकमेकांवर बसवण्यासाठी संध्याकाळभर सेंटिमीटर-सेंटिमीटर सरकवत होते. जेव्हा दिसणाऱ्या बटणावर बोट नेले आणि तिथे खरेच बटण लागले, तेव्हा अंगावर काटा आला.

खऱ्या यंत्रात फ्लिपर उडताना हातांना ठोका जाणवतो. तो आणण्यासाठी पेटीत २४ व्होल्टचे दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारे दणकट स्विच, बसवतात. बटण दाबताच ते खाडकन बंद होतात. ते मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून आणले, ट्रान्झिस्टरमधून जोडले, आणि तिसऱ्या ठोक्याला ट्रान्झिस्टर जळाला. तो घेऊन पुन्हा दुकानात गेले तेव्हा दुकानदारांनी वर न बघता विचारले, “कॉइलला उलटा डायोड लावला होता का, मॅडम?” लावला नव्हता. कॉइलचा प्रवाह तोडताना उलट्या दिशेने मोठा व्होल्टेज उसळतो, ही गोष्ट मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी चांगले गुण मिळवून विसरले होते. चार डायोडांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

आता पेटी आतल्या खोलीत खिडकीशी असते. खालच्या मजल्यावर लहान बाळ आले आहे, म्हणून रात्री दहानंतर मी कॉन्टॅक्टरची वायर काढून ठेवते आणि ठोक्याशिवाय खेळते. तसे खेळताना उजवा फ्लिपर मला अजूनही किंचित उशिरा उचलल्यासारखा वाटतो. विलंब मोजून पाहिला. त्यात काहीच फरक नाही.